कळवा किती जवळ आला

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही, पण माझं पोट माशांवरच चालतं. मी ते खात नाही, मोजते. समुद्राखाली उतरायचं, खडकाच्या कडेकडेनं पोहत जायचं आणि कुठला मासा दिसला, केवढा होता, एकटा होता की घोळक्यात, हे प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीनं टिपून आणायचं, हा माझा धंदा. नातेवाइकांनी विचारलं की आई अजूनही "समुद्राचं कायतरी संशोधन" एवढ्यावर भागवते आणि चटकन कॉफीचं विचारते.

आम्ही तंजावरकडचे मराठी. आजोबा नोकरीसाठी मद्रासला आले, तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर त्यांनी बिऱ्हाड थाटलं, आणि आम्ही तिथलेच झालो. वडील गेल्यापासून घरात आई आणि मी दोघीच. आई शाळेत गणित शिकवायची. शाळेतून ती निवृत्त झाली, पण हिशेबातून आणि सोवळ्यातून काही झाली नाही. मी पहिल्यांदा समुद्रातून घरी आले तेव्हा तिनं दारातूनच हात पुढे केला, चौकातला पोलीस करतो तसा, आणि मला जिन्यात थांबवलं. मागच्या जिन्यानं जायचं, तिकडच्या मोरीत शिकेकाईनं न्हायचं, कपडे झाकणाच्या बादलीत टाकायचे, मग घरात यायचं. तोवर तिला शिवायचं नाही.

मी मुळात चिडकी. त्यातून दिवसभर खाऱ्या पाण्यात भिजून आल्यावर असं दारात अडवलं की माझा तोल जायचा. "मी काय मासे अंगावर घेऊन आलेय का?" असं मी म्हणायची आणि आई शांतपणे त्याच हातानं मागचा जिना दाखवायची. पण मोरीत गेलं की बादलीत कढत पाणी असायचं. मी कधी परतेन हे मलाच ठाऊक नसायचं, तरी ते निवलेलं मला कधी सापडलं नाही. सकाळी बोटीवर जायचं असलं की डब्यात दहीभात, नार्त्याचं, म्हणजे इडलिंबाचं, लोणचं आणि पोटात ढवळू नये म्हणून सुंठ-गुळाची गोळी. हे काम सोड, असं ती एकदाही म्हणाली नाही. ज्या बाईला मासळीच्या टोपलीवरून आलेला वारा चालत नाही, तिनं मुलीला माशांच्यात धाडावं, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. त्या वयात मला ते दिसत नव्हतं, दिसत होता तो फक्त तिचा पुढे केलेला हात.

चेन्नईच्या समुद्रात पोस्टरवर असते तशी प्रवाळांची रंगीत बाग नाही. पाणी बहुधा गढूळ, आणि तळाला मैलोन् मैल नुसती वाळू. पण मधेच कुठेतरी खडक वर आलेला असतो, आणि त्या खडकावर प्रवाळाचे लहानमोठे गड्डे, पंख्यासारख्या पसरलेल्या सागरी जाळ्या, स्पंज, भोकं, कपारी, असा सगळा पसारा मांडलेला असतो. वाळवंटात एखादी चाळ उभी असावी तसं. त्या चाळीत मासे राहतात. अशा खडकाला इथले कोळी 'पार' म्हणतात. शहराच्या दक्षिणेला एक कुप्पम आहे, म्हणजे कोळ्यांची वस्ती, आणि तिच्यासमोरच्या समुद्रात असा एक पार आहे. माझ्या आयुष्यातली एक मोठी शिकवणी त्या पारावर झाली, आणि तिची फी मला कुणी कधी मागितली नाही.

आमचं ऑफिस गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत. खाली लेथचं वर्कशॉप, वर आम्ही. आमचे सर आवडी उपनगरातून लोकल पकडून यायचे, शिस्तीचे आणि मितभाषी. आमच्याकडे तेव्हा एक काम आलं होतं. कुप्पमच्या पारावर मोठे मासे राहिले नाहीत, तेव्हा तिथे काँक्रीटचे भोकाभोकांचे ठोकळे टाकून माशांना नवी घरं करून द्यावीत, अशी योजना निघाली होती. टाकायचे की नाही, हे आमचा अहवाल बघून ठरणार होतं. प्रश्न सरळ होता. खडकावर मासे कमी असतील तर त्याची कारणं मुख्यतः दोन. एक तर घर पडकं असेल, म्हणजे प्रवाळ मोडलेलं, कपारी बुजलेल्या. नाहीतर घर धड असेल, पण माणसाचा हात तिथे फार वेळा जात असेल. सर त्याला 'घर की हात' म्हणायचे. घर असेल तर ठोकळे टाका. हात असेल तर ठोकळे टाकून उपयोग नाही, हात आवरा.

कागदावर हे सोपं होतं. पण त्या पारावर एका बाईचा संसार उभा होता.

कुप्पमच्या वाळूवर सकाळी बोटी लागल्या की तिथेच बाजार भरतो. त्यात एक अक्का बसायची. वयानं आईपेक्षा थोडी लहान, आवाजानं कितीतरी मोठी. तिचा नवरा फायबरच्या छोट्या बोटीतून गळ टाकायला जायचा, तोही फक्त पारावर. जाळं त्याच्याकडे नव्हतंच. आम्हाला समुद्रात नेणारी बोटही त्याचीच. पारावर ठोकळ्यांचा ढीग पडला असता तर त्याचा दोर प्रत्येक ठोकळ्यात अडकून तुटला असता. म्हणजे बोट विकायची आणि कुठेतरी वॉचमन व्हायचं, हे नवराबायकोचं बोलून झालेलं होतं. मला ते अक्कानंच सांगितलं, मासा साफ करता करता, पाऊस पडेल असं सांगावं तितक्या सहज. माझ्याकडे तिनं काहीही मागितलं नाही. मला त्याचाच जास्त भार वाटला.

मी पाण्याखाली मासे शिकले, त्यामुळे मला फक्त जिवंत मासे ओळखू येत. टोपलीत पडलेला मासा माझ्यासाठी परका. अक्काकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मी एका राखाडी, मळक्या फडक्यासारख्या माशाकडे बोट दाखवून हा कोण म्हणून विचारलं. ती म्हणाली, किळी मीन. म्हणजे पोपट मासा. रोज पाण्यात मोरपिशी-हिरवा झळाळताना बघते तोच हा, आणि मला ओळखता येऊ नये. मी खट्टू झाले. मग मी तिला फोनवर त्याचा पाण्यातला फोटो दाखवला. तिनं फोन लांब धरला, जवळ धरला आणि नवऱ्याला हाक मारून बोलावलं. जन्मभर ती तो मासा कापत आली होती, पण तो असा दिसतो हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून आमचा सौदा ठरून गेला. मी तिला जिवंत मासे दाखवायचे, तिनं मला मेलेले.

आमच्यात तिसरा एक होता. आमच्या गल्लीतल्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या भाड्याच्या खोल्यांत, राहणारा मालवणकडचा तरुण. कारच्या कारखान्यात इंजिनिअर. आईला खिडकीतून भाजीवाल्याशी घासाघीस करताना मधेच स्वतःशी मराठीत चिडलेलं त्यानं ऐकलं आणि तो जिना चढून आला. आमची मराठी ऐकून त्याला हसू आवरेना, आणि त्याची ऐकून आई म्हणाली, हा बातम्या वाचतो तसा बोलतो. त्याला पाण्यात उतरायचं वेड होतं, स्वतःचा पाण्याखालचा कॅमेरा होता, आणि सुटीच्या दिवशी तो आमच्याबरोबर फुकट यायचा. त्याला मासे ताटातले ठाऊक. मी वर येऊन वर्णन करायची, अक्का नाव सांगायची, आणि तो त्याचं कालवण कसं होतं ते. तिघांचा मिळून एक मासा पुरा व्हायचा.

तर आम्ही मोजायला लागलो. कुप्पमचा पार आणि उत्तरेकडचा दुसरा एक खडक. त्या दुसऱ्या खडकाच्या पट्ट्यात बोटींना मनाई आहे, आम्ही रीतसर परवानगी काढली होती. तळाशी दोरीची पट्टी पसरायची आणि तिच्या दोन्ही अंगांना दिसतील ते मासे टिपायचे. उत्तरेच्या खडकावर बघावं तिकडे मासे. कपारीच्या तोंडाशी कळवे, म्हणजे खडकातच राहणारे मोठे मासे, बसलेले, जाड ओठांचे, दाराशी टेकून रस्ता बघणाऱ्या आजोबांसारखे. आम्ही गेलो तरी उठायचे नाहीत. कुप्पमच्या पारावर मात्र बारीकसारीक मासे भरपूर आणि कळवा एकही नाही. परत परत गेलो. एकही नाही.

पारावर थोडं प्रवाळ नांगरांनी मोडलेलंही होतं. सरांनी दोन्ही बाजू बघितल्या आणि कच्चा अहवाल लिहायला सांगितला, की घर पडकं आहे, मोठा मासा टिकत नाही, ठोकळे टाकायला हरकत नाही. मी लिहायला बसले. मन लागत नव्हतं. कारण अक्काच्या टोपलीत अधूनमधून कळवा असायचा, आणि तो पारावरचाच आहे असं ती सांगायची. मला वाटायचं, गिऱ्हाइकाला सांगायची तिला सवय लागलीय, ताजा आहे, आपल्या पारावरचा आहे. एकदा मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं की आम्हाला तर तिथे एकही दिसत नाही. ती म्हणाली, मग त्यांना तुम्ही आवडत नसाल. मी ते हसण्यावारी नेलं.

आमच्या तिरुवल्लिकेणीच्या देवळाच्या तळ्यात मासा नाही. त्यामागे एका ऋषीची कथा सांगतात. त्यामुळे माशांना चुरमुरे घालायचे तर आई मैलापूरच्या तळ्यावर जाते. हा तिचा जुना नेम. शिजवलेल्या माशाचा तिला जितका तिटकारा, तितकाच जिवंत माशाचा लळा. पायऱ्यांवर बसून ती मूठ मूठ चुरमुरे टाकते आणि मासे तिच्या पायांशी येऊन तोंडं उघडतात. त्या आठवड्यात मी तिच्याबरोबर गेले, मुख्यतः अहवाल टाळायला. आईनं चुरमुरे टाकले. एकही मासा आला नाही. चुरमुरे पाण्यावर तसेच तरंगत राहिले.

शेजारच्या फुलवालीनं सांगितलं की पायऱ्यांकडचा कचरा काढायला लांब दांड्यांची जाळी घेऊन माणसं उतरली होती. मी म्हटलं, मग मासेही काढून नेले असतील. आईनं माझ्याकडे बघितलं, वर्गातल्या मठ्ठ मुलीकडे बघावं तसं, आणि तळ्याच्या मधोमध बोट दाखवलं. तिथे पाणी हलत होतं.

"अहेत गे सगळे. दांडा पाहिला मणून भितात. आता कोण दिसलं तरी त्यांना दांडाच दिसतो."

मी तिथेच पायरीवर बसून राहिले. आम्ही पारावर उतरायचो ते हवेची नळकांडी पाठीवर घेऊन, बुडबुडे सोडत, हातात पट्टीची लोखंडी दांडी घेऊन. आणि त्याच पारावर रविवारी आणखी कोण उतरायचं, ते मला ठाऊक होतं. शहरातली काही हौशी मंडळी, भाला मारायची बंदूक घेऊन, अगदी आमच्यासारखाच पोशाख करून. मी आईचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, कारण आम्ही दोघीही घरून न्हाऊन आलो होतो.

गिंडीला खालच्या लेथवाल्याकडून लोखंडाची तिवई वेल्ड करून घेतली. तिच्यावर मालवणच्या मित्राचा कॅमेरा बसवला. पारावर उतरलो, तिवई एका मोठ्या कपारीसमोर ठेवली आणि कॅमेरा चालू करून निघून आलो. बोटही लांब नेली. अक्काचा नवरा विडी ओढत समुद्राकडे बघत होता. त्याला ठाऊक होतं आम्ही काय शोधतोय. सापडलं नाही तर त्याची बोट गेली, हेही.

कॅमेरा वर काढला आणि आमच्या घरीच लॅपटॉपवर लावला, कारण मित्राची खोली फार लहान होती. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिली, लांबूनच. बराच वेळ नुसतं हिरवट पाणी. आम्ही निघून जाताना उडवलेली वाळू खाली बसली. छोटे मासे परतले. मग पोपट मासे. मग कपारीच्या अंधारात काहीतरी हललं आणि जाड ओठांचं एक तोंड बाहेर आलं. थांबलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि सबंध कळवा संथपणे बाहेर येऊन कॅमेऱ्यासमोरून गेला. मागून दुसरा. मित्र "हेकरू" एवढंच, म्हणजे कळव्याचं त्यांच्याकडचं नाव, म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कालवणाचं नाव काढलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कपारी भरलेल्या होत्या. घर नांदतं होतं.

उंबऱ्यावरून आईनं विचारलं, हा तुमच्यापासून किती लांब पळतो. मी म्हटलं, पाण्यात आम्हाला जिथपर्यंत दिसतं त्याच्या पलीकडे. तिला असलं मोघम उत्तर चालत नाही. तेव्हा मी घर दाखवून सांगितलं, की उत्तरेकडचा कळवा तू उंबऱ्यात आणि मी इथे, एवढ्यावर येऊ देतो, आणि पारावरचा मी जिन्यात आले की मागच्या मोरीतून निघून जातो. तेव्हापासून मी समुद्रातून आले की तिचा एकच प्रश्न, कळवा किती जवळ आला.

सरांनी चित्रीकरण दोनदा पाहिलं. चष्मा काढून पुसला आणि माझा कच्चा अहवाल बाजूला ठेवला. ठोकळे पारावर नकोत, टाकायचेच तर पलीकडच्या मोकळ्या वाळूवर टाका, जिथे कुणाचं घरच नाही, असं त्यांनी स्वतः लिहिलं. पुढे तसंच झालं. त्या माणसानं आपलं मत बदलायला एक दुपार घेतली, आणि बदलल्यावर माझ्यावर उपकार केल्यासारखं एकदाही दाखवलं नाही. असे वरिष्ठ मिळणं नशिबात असावं लागतं.

पण अहवालाचा दुसरा अर्धा भाग राहिला होता, आणि तो अक्काला मीच सांगायला हवा होता. दोन्हीकडे कॅमेरा ठेवून मोजलं, तर पारावरचे कळवे उत्तरेकडच्यांच्या निम्म्यानंही नव्हते. मोठे जवळजवळ नाहीतच. कळवा सावकाश वाढतो, आणि वयात आलेला मोठा मासाच आधी गळाला लागतो. म्हणजे घर धड असून मासा मोठा होत नव्हता, त्याला कारण हात होता. भालेवाल्यांचा हात तर होताच, पण त्यांना बोटीतून पारावर नेत होती कुप्पमचीच माणसं. आणि गळाचा हात अक्काच्या घरातला होता.

मी वाळूवर तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. आधी ठोकळ्यांचं, मग हे. ती मासा साफ करत होती. विळी थांबली नाही. मासा साफ झाल्यावर, कण्णू या नेहमीच्या लाडाच्या हाकेनंच, म्हणाली,

"म्हणजे कण्णू, माझ्या घरावर दगड टाकणार नाही म्हणतेस, पण घरात जेवू नको म्हणतेस."

मी उठायला लागले तर तिनं मला बसवलं आणि नवऱ्याला हाक मारली. त्यानं जे सांगितलं ते असं, की कळव्याची मादी अंड्यांनी भरते त्या दिवसांत त्याचा आजा पारावर जायचाच नाही. काही धर्म म्हणून नव्हे, तेव्हा समुद्र उसळलेला असायचा आणि वल्ह्यांनी तिकडे जाता यायचं नाही. आता मोटर आहे, म्हणून जाता येतं. मी तिथून निघाले तेव्हा ती दोघं पाठमोरी टोपल्या धूत होती, आणि मला खात्री वाटत होती की मी एक मैत्रीण गमावली.

आईला मी हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं मुरुक्कू, म्हणजे इकडच्या चकल्या, तळले, डबा भरला आणि म्हणाली की त्या बाईला नेऊन दे. मी नेऊन दिला. अक्कानं घेतला आणि ठेवून दिला.

कुप्पमची पंचायत जाळी विणायच्या शेडखाली भरते. आत पुरुष बसतात. बायका बाहेर वाळूवर उभ्या राहतात. आम्हालाही त्या दिवशी बोलावलं होतं, म्हणजे सर आत आणि मी बाहेर. बोलणं इकडून तिकडे फिरत होतं. भालेवाल्यांना नेलं नाही तर रविवारची कमाई बुडेल, पार बंद ठेवला तर पलीकडच्या कुप्पमचे लोक येऊन मारतील, ऑफिसवाल्यांचं काय, ते आज आहेत उद्या नाहीत. शेवटचं खरंच होतं. मी मान खाली घातली. तेवढ्यात माझ्या शेजारून अक्काचा आवाज निघाला, आणि तो शेडच्या पत्र्यापर्यंत गेला.

"त्या दगडानं माझी पोरं शिकवली. बाळंतिणीच्या खोलीत कुणी गळ घेऊन जातं का? ते दिवस त्याला निजू द्या. आमची बोट जाणार नाही. कुणाची जायची असेल त्यानं माझ्या समोरून न्यावी."

आत कुणीतरी हसलं, मग कुणी हसलं नाही. तिचा नवरा उठला आणि म्हणाला, की रविवारची माणसं मीच सगळ्यांत जास्त नेतो, उद्यापासून नेणार नाही. अंड्यांच्या दिवसांत पारावर गळ टाकायचा नाही आणि भाला घेतलेल्या माणसाला कुप्पमची कुठलीही बोट नेणार नाही, असं ठरलं. पलीकडच्या कुप्पमला निरोपही धाडायचं ठरलं. मी अक्काचा हात धरला. तो मासळीचा, खरखरीत आणि थंड होता. ती म्हणाली, तुझ्या आईचा डबा न्यायचा राहिला.

डबा रिकामा परत देत नाहीत. पण आमच्या घरी ती मासा देऊ शकत नव्हती, म्हणून तिनं डबाभर मोगऱ्याच्या कळ्या दिल्या होत्या. आईनं झाकण उघडलं. कळ्यांना मासळीचा वास येत होता. मला येत होता, म्हणजे तिला नक्की आला असणार. तिनं त्या सगळ्या देवापुढे वाहिल्या आणि डबा घासायला घेतला.

त्यानंतर पारावर जाणं सुरूच राहिलं. ठरल्यासारखं सगळं झालं असं नाही. पलीकडचे लोक एकदोनदा आले, भांडणं झाली, अक्काचा नवरा एका रविवारी खरोखरच बोट आडवी घालून उभा राहिला. अंड्यांच्या दिवसांत तो दूर वाळूकडे जायचा आणि बऱ्याचदा थोडं घेऊन परतायचा. अक्का कुरकुरायची, मला दोन शिव्या द्यायची आणि माझ्यासाठी चहा मागवायची. आणि मी घरी आले की जिन्यात आईचा हात पुढे, आणि प्रश्न. सुरुवातीला उत्तर होतं, दिसलाच नाही. मग, तू स्वयंपाकघरात आणि मी जिन्याच्या तळाशी, एवढ्यावर. मग, तू दारात आणि मी जिन्याच्या वळणावर. ती मान डोलवायची आणि मागचा जिना दाखवायची.

यंदा थंडी सरल्यावर पाणी निवळलं तशी मी पारावर उतरले. दांडी मी आता नेत नाही. त्याच कपारीसमोर वाळूवर गुडघे टेकले आणि श्वास सावकाश सोडत राहिले. बराच वेळ गेला. मग ते जाड ओठांचं तोंड बाहेर आलं. हा मोठा होता, मी पारावर इतका मोठा कधी पाहिला नव्हता. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि थेट माझ्याकडे आला. हात लांब केला असता तर लागला असता. मी हात केला नाही. तो तसाच समोर तरंगत राहिला, कल्ले हलवत, माझ्या डोळ्यांवरच्या काचेत बघत. माझ्यापाशी त्याला द्यायला काहीही नव्हतं. मला फक्त आभार मानावेसे वाटले, त्याचे, अक्काचे, तिच्या नवऱ्याचे, आणि तळ्याच्या पायरीवर बसलेल्या माझ्या आईचे.

घरी आले. केसांतून पाणी गळत होतं. आई दारात उभी होती, न्हाऊन, सोवळं नेसून, पूजेला बसायच्या बेतात. हात पुढे झाला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबले.

"किती जवळ आला?"

मला घरातली कुठलीच मापं सुचेनात. मी नुसता माझा हात पुढे केला, एवढ्यावर. आईनं माझा हात बघितला, आपला बघितला. आपला खाली घेतला. मग ती उंबरा ओलांडून बाहेर आली आणि माझ्या बोटांच्या टोकाशी उभी राहिली.

"एवढ्यावर?"

"अजून थोडा जवळ."

ती आणखी एक पाऊल पुढे आली. तिच्या अंगाला चंदनाचा वास येत होता आणि माझ्या अंगाला समुद्राचा. तिनं माझ्या गालावरचं मीठ अंगठ्यानं पुसलं आणि तू काय केलंस म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, हलले नाही. तीही हलली नाही.

त्या दिवशी आईला दुसऱ्यांदा आंघोळ करावी लागली, आणि त्याबद्दल ती मला एका शब्दानं बोलली नाही.